चौपाटीवर खिडकी नव्हती

मुंबईचं नाव निघालं की आमची आई आपलं उजवं मनगट डाव्या मुठीत धरायची आणि म्हणायची, "समुद्राचं काय विचारता, फार मोठा." एवढंच. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईनं मुंबई पाहिली, समुद्र पाहिला, डोळे निवले. ते मनगट वाकडं का बसलं हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. मी सांगतो. मी बी.ए. आहे. आमच्या कुळात अंगठा सोडून सही करणारा पहिला मी, आणि लिहायला शिकलो ते काही नुसते अर्ज लिहिण्यासाठी नव्हे.

माझे वडील, आबा, बडोद्याच्या सरकारचे साठमार होते. आजच्या मंडळींना हे उलगडून सांगावं लागेल. बडोद्याला उंच भिंतींचं एक मैदान होतं, त्याला आगड म्हणत. श्रीमंत सरकारांकडे मोठे पाहुणे आले की तिथं माजावर आणलेला हत्ती मोकळा सोडत आणि त्याच्यासमोर पायी माणसं उतरत. ते साठमार. डोक्याला लाल फेटा, एका हातात लाल फडकं, दुसऱ्या हातात लोखंडी टोकाची आखूड काठी. हत्तीला डिवचायचं, अंगावर घ्यायचं आणि सोंड पाठीला लागायच्या आत पळायचं. पळायचं कुठं, तर भिंतीत जागोजागी अरुंद खिडक्या ठेवलेल्या होत्या, जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या. माणूस आडवा होऊन आत शिरेल, हत्ती शिरणार नाही, एवढीच त्यांची रुंदी. एखादा मैदानात पडला तर जोडीदारानं पुढं धावून फडकं नाचवायचं आणि जनावर स्वतःवर घ्यायचं. आणि एक रिवाज होता, तो साठमार देवाच्या शपथेसारखा पाळत. खिडकीत शिरलेल्याला कोणी भ्याला म्हणायचं नाही, कोणी बाहेर ओढायचं नाही. हत्तीच्या पायात साखळी पडली की जमादार ओरडायचा, "या बाहेर, हत्ती गेला!" मग सगळे बाहेर यायचे, घामानं चिंब, हसत.

आमचं घर आगडाच्या इतकं जवळ होतं की हत्तीच्या साखळ्यांचा आवाज आम्हाला देवळाच्या घंटेसारखा सवयीचा. लढतीच्या दिवशी आई चूल पेटवायची नाही. साठमाराच्या घरातून धूर निघाला की हत्तीला वास लागतो आणि तो नेमका त्याच माणसाला धरतो, असं आमच्या आळीत पक्कं मानत. त्यामुळं आळीभर चुली थंड. आम्ही भावंडं शिळी भाकरी गुळाबरोबर चावत बसायचो आणि आई उंबऱ्यावर बसून गर्दीचा आवाज ऐकायची. हत्ती माणसाच्या मागं लागला की आवाज चढत जायचा, माणूस खिडकीत शिरला की हसण्यात फुटायचा. चढला, फुटला, चढला, फुटला. तिचा श्वास त्या आवाजाबरोबर वरखाली होताना मी पाहिलाय. धाकटे काका गेले त्या दुपारी आवाज चढला आणि फुटलाच नाही. तसाच तुटला. आई उठली आणि कोणी सांगायला यायच्या आधी तिनं ओसरीवरचं सगळं सामान आत घेतलं, माणूस ठेवायला जागा केली. काकांना घोंगडीत घालून आणलं. तोंड धड होतं, मिशीला धूळसुद्धा नव्हती. छातीवरची घोंगडी मात्र जमिनीला टेकली होती. त्यांचे जोडीदार आबाच होते. फडकं नाचवत आबा पुढं धावले होते, हत्तीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हत्ती आमच्या घरीही यायचा. काकांच्या आधीही यायचा, नंतर जास्त. आमटीत मीठ कमी, पोरगं मधे बोललं, बायकोनं हाकेला उशीर केला, एवढं पुरे. आबांचे कान आधी लाल व्हायचे, मग हातात सापडेल ते: जोडा, फुंकणी, एकदा पाण्यानं भरलेली कळशी. माझ्या थोरल्या बहिणीच्या भुवईवरची खूण त्या कळशीची. आमच्या परसात आमची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी फट होती. आबा रुंद, त्यांचा खांदा अडकायचा. आई आम्हाला एकेक करून आत लोटायची आणि शेवटी स्वतः आडवी होऊन शिरायची. आणि गंमत अशी, गंमतच म्हणतो, की एकदा आम्ही फटीत गेलो की आबांचा हात खाली यायचा. काठी घालून आम्हाला डिवचता आलं असतं, त्यांनी कधी घातली नाही. खिडकीचा रिवाज ते घरीही पाळत. थोड्या वेळानं त्यांचा आवाज यायचा, घोगरा, लाजल्यासारखा, "या बाहेर. हत्ती गेला." उभ्या आयुष्यात आबांनी मागितलेली माफी ती एवढीच. आम्ही बाहेर यायचो, आई पदरानं आमची तोंडं पुसायची आणि भाकऱ्या थापायला बसायची.

अशा घरातून मी बी.ए. झालो. कसा झालो ते दुसरीकडे लिहिलं आहे. पदवी घ्यायला त्या वेळी मुंबईला जावं लागे, बडोद्याच्या कॉलेजची परीक्षा मुंबईची. आबांनी लहरीपुऱ्याच्या बाजारातून नवा लाल फेटा आणला आणि आळीत जाहीर करून टाकलं, "छोकऱ्याला झगा घालणार आहेत, मी बघायला जाणार."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी पण येते. मला समुद्र बघायचाय."

"समुद्रात काय बघायचं? पाणीच ना? सुरसागर तलाव आहे की बाजूला, जा, बघून ये."

"सुरसागराला पलीकडचा काठ दिसतो," आई म्हणाली.

आबा हसले. त्या दिवशी हत्ती लांब होता. "चाल मग," ते म्हणाले.

मुंबईत आम्ही गिरगावात केशवमामाकडे उतरलो. मामा आईचा चुलतभाऊ, गोदीत मुकादम, बोलायला लागला की थांबत नसे. "या, या, हत्तीवाले!" असंच त्यानं दारात स्वागत केलं. पदवीच्या दिवशी सभागृहाच्या आत आबा-आईला प्रवेश नव्हता, ते बाहेर घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे राहिले. मी भाड्याचा काळा झगा घालून बाहेर आलो तेव्हा आबा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "वकिलाचं भूत दिसतोस." मग त्यांनी झग्याची बाही दोन बोटांत धरून कापड चोळून पाहिलं, जसं फडक्याचं कापड घेताना पाहत. "कापड सरस आहे. नाचवायला जड पडेल." आईनं तिथंच, साहेब लोकांच्या गर्दीत, माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

झगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत करायचा होता, म्हणून तो गाठोड्यात बांधून मी काखेत घेऊनच मुंबई हिंडलो. मामानं आम्हाला सगळं दाखवलं. अपोलो बंदरावरच्या आगबोटी, फोर्टातल्या इमारती, घोड्यांची ट्राम. आईनं ट्रामच्या घोड्यांना बघून "बिचारे" म्हटलं. आबा प्रत्येक गोष्टीला "आपल्या बडोद्याला याहून" असं सुरू करायचे आणि मामा त्यांना मधेच तोडायचा, "हो हो दाजी, बडोद्याला समुद्रसुद्धा याहून मोठा असेल." आबा हसत होते. मी त्यांच्या कानांकडे लक्ष ठेवून होतो. कान साधे होते.

मग आम्ही राणीच्या बागेत गेलो.

तिथं एक हत्तीण होती. पाठीवर हौदा, हौद्यात साहेबांची आणि पारशांची पोरं, आणि ती रस्त्यावरून डुलत एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायची आणि परत यायची. आबा थांबले. त्यांनी आपोआप डावा पाय मागं घेतला आणि सवयीनं मुंबईलाही बरोबर आणलेली काठी मुठीत फिरवली. आई मात्र पुढं गेली. आयुष्यभर हत्तीच्या सावलीत राहिलेल्या बाईनं हत्ती इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. साठमाराच्या बायकोनं हत्तीला शिवायचं नसतं. माहुतानं तिला उसाचं कांडं दिलं. "डरो मत माँजी, गाय है, गाय." आईनं कांडं पुढं केलं. सोंड आली, कांडं उचललं, आणि ओल्या टोकानं तिचा तळवा चाटल्यासारखा पुसला. आई हसली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, लहान मुलगी हसावी तसं, पोट धरून. आणि हसत हसतच ती वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, हाच का तो? ह्याच्यासाठी का मी इतकी वर्षं चूल विझवून बसले?"

ती थट्टा नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. पण मामाला गप्प बसवेना. त्यानं भोवतालच्या माणसांना ओरडून सांगितलं, "ऐका हो, आमचे दाजी बडोद्याला हत्तीशी कुस्ती खेळतात!" आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "ह्या गाईशी?" एकच हशा झाला. चढला आणि फुटला.

मी आबांचे कान पाहिले.

ट्राममध्ये आबा काठी दोन गुडघ्यांत धरून बसले. मामाला काही उमगलं नव्हतं. चौपाटीला उतरल्यावर तो म्हणाला, "तुम्ही समुद्र बघा, मी पुढं जाऊन चहा टाकायला सांगतो," आणि गेला. ऊन उतरतीला लागलं होतं. वाळू, वाळूवर सुकत घातलेली जाळी, थोडी माणसं, आणि पुढं ते पाणी. आईनं चपला हातात घेतल्या, पाण्यात पावलं बुडवली आणि मान वळवून ओरडली, "अहो, पलीकडचा काठ नाहीच!"

आबांनी पहिला फटका तिच्या पाठीत घातला. दुसरा तिनं हातानं अडवला, आणि हाड मोडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, सुक्या काटकीसारखा. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. त्यांनी तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तिला वाळूवर ओढलं. "गाय? गाय? माझा भाऊ गाईनं मारला? बोल!" प्रत्येक शब्दाला एक लाथ. आईच्या तोंडात वाळू आणि रक्त. ती ओरडत नव्हती. ती मान फिरवून इकडेतिकडे पाहत होती, आणि ती काय शोधत होती ते मला कळलं. ती फट शोधत होती. चौपाटीवर भिंत नाही, वळण नाही, आडोसा म्हणून नाही. चहूकडून उघडं मैदान.

जाळ्यांपाशी बसलेली एक कोळीण उभी राहून ओरडली, "अगो बाय, मारून टाकील तिला! कोणी धरा रं त्या मेल्याला!" बघे जमले होते. धरलं कोणी नाही. लाल फेटा, ती काठी, तो माणूस. मीही परका असतो तर धरलं नसतं.

आईनं केस सोडवले, मुठीभर त्यांच्या हातात राहिले, आणि ती पाण्याकडे धावली. गुडघा, मांड्या, कंबर. लाटेनं तिला मागं लोटलं, ती पुन्हा पुढं गेली. तिला पोहता येत नव्हतं. आबा काठी उगारून पाण्यात शिरले. आणि माझ्या काखेतलं गाठोडं मी कधी सोडलं ते मला ठाऊक नाही. झगा हातात आला, मी तो दोन्ही हातांनी उघडून त्यांच्या डोळ्यांसमोर फडकवला आणि आगडात जोडीदार ओरडतो तसा ओरडलो, "हे! हे! इकडं! इकडं ये!"

आबा वळले. ते वळतील असं मला वाटलं नव्हतं. पण माणसाचं अंगच तसं घडलेलं होतं, ते फडक्यावर आले. मी मागं पळालो, तिरका, ते मागं. पहिल्या फटक्यानं झगा फाटला, दुसरा माझ्या उजव्या कानावर बसला. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. नातवंडं त्या बाजूला बसून माझी नक्कल करतात, करोत. मी पडलो, उठलो, पुन्हा फडकवला, पुन्हा पळालो. ओल्या वाळूत त्यांचा पाय मुरगळला आणि ते गुडघ्यावर आले. मी वळून काठी हिसकावली आणि त्यांना मारलं. खांद्यावर, पाठीवर, पायांवर. पुस्तकांतले मुलगे अशा वेळी हात आवरतात. मी आवरला नाही. मी काकांची घोंगडी, बहिणीची भुवई, सगळं त्या काठीत घातलं. त्यांच्या ओठातून रक्त येऊन मिशीला लागलं. आणि मग ते तसेच हातांवर रेलून, मान फिरवून, डावीकडे पाहू लागले, मग उजवीकडे. डोळे मोठे झालेले.

ते खिडकी शोधत होते.

माझा हात वरच राहिला. कानात शिट्टी वाजत होती, तिच्यातून आईचा आवाज आला. ती कमरेइतक्या पाण्यात मोडका हात छातीशी धरून उभी होती. "सदा! काठी टाक."

मी टाकली नाही.

"सदा, त्यांना मारायचं तर मी काय, पाण्यातच उभी राहू? टाक ती."

मी काठी समुद्रात भिरकावली. लाकूडच ते, दोनदा लाटेनं ती परत आणून टाकली, मग तिसऱ्यांदा मी आत जाऊन टोकाचं लोखंड वाळूत खोल दाबून आलो. आबा वाळूत बसले होते. आईकडे बघून त्यांनी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "ये बाहेर. हत्ती गेला."

"जातो कुठं?" आई म्हणाली. "दर वेळी म्हणता गेला. जातो कुठं तो? आपल्याच घरी जेवतो ना?"

आई बाहेर आली ती त्यांनी बोलावलं म्हणून नव्हे. भरती चढत होती म्हणून आली. आम्हा दोघांच्या मधून ती चालत गेली, आणि कोळणीनं पुढं केलेल्या फडक्यात हात गुंडाळून घेतला.

मामाच्या चाळीतल्या हाडवैद्यानं मनगट बांधलं, वाकडं बांधलं. मामा आईला दोनदा म्हणाला, "तू इथंच राहा, आक्का." ती म्हणाली, "माझं घर आहे ते, मी का राहू?" आबा दारापाशी बसून माझा फाटलेला झगा शिवत होते. साठमार आपलं फडकं आपणच शिवतो, सुई-दोरा त्यांच्या कमरेला असायचाच. दोरा लालच होता. काळ्या झग्यावर लाल टाके, तसाच मी तो परत दिला, आणि घेणाऱ्या माणसानं माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाही.

बडोद्याला आल्यावर आईनं पहिली गोष्ट सांगितली ती ही: "गवंडी बोलवा."

"कशाला?" आबांनी विचारलं.

"परसातली फट बुजवायचीय."

आबांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "आणि मग?"

"मग काय? मी आता आत शिरायची नाही. शिरायचं असेल तर तुम्ही शोधा जागा. घराबाहेर पुष्कळ आहे."

फट बुजली. विटा आबांनीच वाहिल्या. त्यानंतर त्यांचा हात उगारलेला मी एकदाच पाहिला. काय निमित्त होतं ते विसरलो. आई मागं सरली नाही. तिच्या पाठीशी ती नवी भिंत होती, चुना अजून पुरता वाळला नव्हता. मोडका हात गळ्यातल्या झोळीत. मी ओसरीवरून उठलो, तिनं नजरेनं मला बसवलं. आबांचा हात वर, कान लाल, आणि ते तिच्या दोन्ही बाजूंना पाहत होते की ही आता कुठून जाणार. ती कुठूनच जाणार नव्हती. हात तसाच वर राहिला, मग फेट्याकडे गेला, आणि त्यांनी फेटा सोडून पुन्हा बांधला. भिंतीवर आईच्या पाठीचा ओला डाग मी पुढं कित्येक दिवस पाहत होतो.

मग आगडात लढत लागली. चुली थंड, आळी चिडीचूप. आणि आईनं डाव्या हातानं गोवऱ्या रचल्या आणि चूल पेटवली. शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं बाई, धूर! नवऱ्याच्या जिवावर उठलीस का?" आई म्हणाली, "मी तो हत्ती पाहून आलेय," आणि फुंकणीनं फुंकर घातली. आवाज चढत होता. तिनं भाकरी तव्यावर टाकली. आवाज आणखी चढला. तिचा हात थांबला, मी पाहिलं, पीठ बोटांवर तसंच. मग आवाज फुटला, आणि तिनं भाकरी उलटली.

आबा घामानं भिजून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. ताटात वाफ निघणारी भाकरी. लढतीच्या दिवशी गरम भाकरी त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

"धूर दिसत होता आगडातून," ते म्हणाले.

"हत्तीला दिसला?" आईनं विचारलं.

"मला दिसला," आबा म्हणाले, आणि जेवायला लागले.